मेंढ्या एकदाच उतरतात

अनारकानचा एक नेम होता: काळ्या पिशवीत एका वेळी एकच डबा न्यायचा. फिल्मला उजेड लागू नये म्हणून दोन बाह्यांची ती जाड पिशवी मांडीवर घ्यायची, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि बोटांनीच बघत रीळ कॅमेऱ्याच्या पेटीत चढवायचं, नाहीतर पेटीतून काढून डब्यात ठेवायचं. लेनिनग्राडला शिकताना पाच वर्षांत तिने हा नेम कधी मोडला नाही. फ्रुंझेच्या स्टुडिओत कॅमेऱ्यावर सहायक म्हणून चार वर्षं काढली, तेव्हाही नाही. तो मोडला बुधवारी संध्याकाळी, आक-बेल खिंडीखाली, ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेली असताना. आणि मोडलाय हे तिच्या ध्यानात आलं गुरुवारी दुपारी, जेवणाची भांडी घासताना.

भांडी घासता घासता ती सकाळच्या कामाची मनाशी उजळणी करत होती. ही तिची जुनी खोड. आठ महिन्यांच्या जिपारला पाळण्यात बांधून निजवलं तरी ती दोनदा उठून लेकीच्या नाकाशी बोट धरून पाहायची, तशीच कामाचीही खात्री करायची. तिपाईचे स्क्रू आवळले होते ना? हो. भिंग पुसलं होतं? हो. कोऱ्या रिळाच्या टोकाची चिकटपट्टी सोडवली होती?

तिचा हात थांबला. कोऱ्या रिळाचं टोक कारखान्यातून पट्टी लावूनच येतं. ती नखाने उचलायची, पेटी भरायची आणि पट्टी स्वतःच्या बाहीच्या आत चिकटवून ठेवायची, म्हणजे फिल्ममध्ये अडकत नाही. तिने बाही उलटी करून पाहिली. आत पट्टी नव्हती.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी सूर्यास्त घेतला होता. गुरुवारी सकाळी मेंढ्यांचा उतार. दोन्ही कोडॅकवर. बाकी सगळा सिनेमा देशी फिल्मवर चालला होता, जिचा हिरवट रंग सगळ्यांनी सवयीने मान्य केलेला. परदेशी फिल्म अख्ख्या चित्रपटाला मोजून मिळायची आणि आता सव्वाशे मीटरचे दोनच तुकडे उरले होते. बुधवारी जिपारला ताप होता. सासूबाई तंबूच्या दारात तिला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या आणि रडणं थेट ट्रकपर्यंत येत होतं. एकदाच हात घालावा, सूर्यास्ताचं रीळ काढावं, लगेच सकाळसाठी कोरं चढवावं आणि पोरीला घ्यावं, असा विचार करून अनारकानने दोन्ही डबे एकदमच पिशवीत नेले होते.

भांडी तशीच टाकून ती ट्रककडे गेली. ‘सूर्यास्त’ अशी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावलेला डबा पिशवीत घातला, झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. टोकाला पट्टी होती. करकरीत, कारखान्याची.

म्हणजे सूर्यास्ताच्या डब्यात कोरं रीळ. आणि सकाळी चार हजार मेंढ्या उतरल्या त्या सूर्यास्ताच्याच रिळावर. एका फिल्मवर दोन चित्रं. दोन्हींचा चुथडा.

पिशवीतून हात काढायचंही तिला सुचेना.

उतार वर्षातून एकदाच होतो. पहिला बर्फ पडायच्या आत कळप उन्हाळी कुरणावरून खाली यायलाच हवेत, आणि एकदा आले की आले. सामूहिक शेताच्या मुकादमाने आधीच बजावलं होतं, मेंढ्या काही नट नाहीत, पुन्हा वर जा म्हटलं तर जायच्या नाहीत. चित्रपटाचा शेवट हा उतारच होता. मेलिस, म्हणजे दिग्दर्शक, सकाळी कॅमेरा थांबल्यावर त्या मुकादमाच्या गळ्यात पडून रडला होता. बेके मात्र नेहमीसारखे तिपाईपाशी उभे राहिले, टोपी मागे सारली, एवढंच.

त्यांचं नाव बेइशेन. पण वयाने मोठ्या माणसाचं पुरतं नाव तोंडात घेणं बरं दिसत नाही, म्हणून सगळा स्टुडिओ बेके म्हणायचा. हा त्यांचा बत्तिसावा चित्रपट आणि शेवटचा. साठी झाली होती, पेन्शनचा कागदही आला होता. मेंढपाळाचा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी अल्मा-आताला पोचला, तेव्हा युद्धामुळे मॉस्कोचे स्टुडिओ तिथे हलवलेले होते. दिवसा वीज कारखान्यांना जायची, म्हणून चित्रीकरण रात्री. बेके दिवे वाहायचे. पुढच्या वर्षी हातात लहान कॅमेरा देऊन त्यांना आघाडीवर पाठवलं. डावा कान तिथेच गेला. आघाडीवरून रीळ पाठवलं की ते परत कधी दिसायचं नाही; काय उतरलं, काय नाही, सांगायलाही कुणी नसायचं. तेव्हा त्यांनी प्रत्येक चित्र डोक्यात ठेवून द्यायची सवय लावून घेतली, आणि पुढे चाळीस वर्षं ती सुटली नाही.

स्टुडिओतली पोरं हा खेळ करायची. एखाद्या जुन्या चित्रपटातलं एखादं दृश्य सांगायचं, एकोणीसशे अठ्ठावन्नमधलं का असेना. बेके डोळे बारीक करायचे आणि सांगायचे: भिंग कुठलं, सकाळचे किती वाजले होते, उजेड किती घेतला, आणि घोड्याची शेपटी कुठल्या बाजूला होती. एकदा कुणीतरी पैज लावून जुनी प्रत काढून पाहिली. शेपटी बरोबर तिथेच होती. अनारकान तेव्हा नवी होती. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, की आज मी असा माणूस पाहिला ज्याच्या डोक्यात आपल्या अख्ख्या देशाचा उजेड भरलेला आहे. नवरा भूगर्भशास्त्र शिकलेला. तो म्हणाला, मग पेन्शनीत तो लायब्ररीला देऊन टाका म्हणावं.

आत्ता नवरा दूर नारीनकडे खाणीवर होता आणि सांगायला जवळ सासूच होती. सालिपा-आपा जिपारला मांडीवर घेऊन, दह्याचा सुकवलेला गोळा चोखत बसल्या होत्या. पोरीचा ताप उतरला होता. अनारकानने त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. आपांनी गोळा गालात सरकवला.

“हे डबे धुवायला कुठे जातात?”

“मॉस्कोला.”

“तिथे किती हात लागतात?”

“खूप.”

“मग झालं तर. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, सूनबाई. तोंड उघडू नको एवढंच म्हणते. पोर अंगावर पितेय. नोकरी गेली की दूधही आटतं, मी पाहिलंय.”

अनारकानने लेकीला घेतलं, पाजलं. पाजताना तिच्या मनात आलं, आपा सांगतायत ते शक्य आहे. तीन आठवड्यांनी तार येईल, फिल्म बिघडलेली आहे. मेलिस तिथल्या लोकांना शिव्या घालेल. कुणा अनोळखी बाईला तिथे बोलावून विचारतील, आणि तीही कुणाची तरी आई असेल. आणि बेके? बेके काही बोलणार नाहीत. पण त्यांच्या डोक्यात सकाळच्या मेंढ्या जशाच्या तशा असतील, आणि आपलंच कुठेतरी चुकलं असं धरून ते उरलेली वर्षं काढतील. हे तिला सोसवेना.

तिने ट्रंकेतून बशीची ठिकरी काढली.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी बशीवर सगळ्यांची नावं लिहून ती तिपाईवर फोडतात आणि प्रत्येकाला एक ठिकरी देतात. चित्रपट पुरा होईपर्यंत ती जपायची. जो मध्येच सोडून जातो त्याने ठिकरी परत करायची. बेकेंच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पिशवीत एकतीस चित्रपटांच्या एकतीस ठिकऱ्या होत्या, कुणाला निळी किनार, कुणाला सोनेरी; बत्तिसावी खिशात. अनारकानच्या ठिकरीवर तिच्या नावातलं ‘कान’ एवढंच आलं होतं.

बेके ओढ्याकाठी खोगीर टेकून बसले होते, पुढ्यात खारट दुधाचा चहा. तिने ठिकरी त्यांच्या कपाशेजारी ठेवली. त्यांनी ठिकरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पोर बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग?”

ती उभी राहूनच बोलली. उजव्या कानाच्या बाजूने, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. दोन डबे, एक पिशवी, पट्टी, सगळं क्रमाने सांगितलं. ताप मात्र सांगितला नाही, कारण ते सांगणं म्हणजे मुलीच्या पाठीआड लपणं झालं असतं.

बेके उठले. ओढ्यापर्यंत गेले, वाकून तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. बराच वेळ ते पाठमोरेच उभे होते. अनारकानने तोवर ठरवून टाकलं होतं, की संध्याकाळच्या ट्रकने खाली जायचं, आपांना आणि पाळण्याला घेऊन. मग ते परत येऊन बसले. दाढीवरून पाणी टपकत होतं.

“रीळ उलटं गुंडाळून घेतलं होतंस का?”

“नाही. पेटीतून निघालं तसंच चढवलं.”

“म्हणजे शेपटाकडून.”

“हो.”

“काल आकाश किती होतं?”

तिला वाटलं, आपली परीक्षाच घेतायत. पण बेके क्षितिज कसं ठेवतात हे तिला पाठ होतं. दोन बोटं आडवी धरून ते नेहमी फ्रेमचे तीन भाग करायचे. “तीनात दोन,” ती म्हणाली. “खाली एक भाग डोंगर. काळा.”

“आणि आज?”

“आज जमीन तीनात दोन. वरती खिंड आणि एक भाग ढगाळ आकाश.”

“जमीन कसली?”

“जळक्या गवताची. सावलीतली. काळीच.”

बेकेंनी खिशातून पेन्सिल काढली. रोजच्या नोंदीच्या दोन पातळ कागदांवर दोन चौकटी काढल्या. एकीत कालचा डोंगर गिरवून काळा केला आणि वर ढगांच्या चार रेघा. दुसरीत आजचा उतार काळा केला, त्यात मेंढ्यांची जागा मोकळी सोडली. मग पहिला कागद उलटा केला, वरचं खाली, आणि दोन्ही एकावर एक ठेवून उन्हासमोर धरले.

अनारकान त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. शेपटाकडून चढवलेलं रीळ उलटं धावतं, म्हणजे कालचं चित्र आजच्या चित्रात खाली डोकं वर पाय करून बसणार. कालचा काळा डोंगर वर गेला. काळ्याचा फिल्मवर डाग पडत नाही. म्हणून आजचं आकाश तिथे तसंच राहिलं. आणि कालचं पेटलेलं आकाश खाली आलं, नेमकं आजच्या काळ्या जमिनीवर. दोन्ही क्षितिजं एकमेकांवर बसली. घडी केलेल्या कापडाचा काठाला काठ लागावा, तशी.

“काळ्यावर उजेड पडला तर काय दिसतं?” बेकेंनी विचारलं.

“उजेडच दिसतो.”

“आणि पांढऱ्या मेंढीवर?”

“मेंढी दिसते. आणखी पांढरी.”

“हं. मग जमीन गेली. मेंढ्या आकाशावरून चालतील.” ते थांबले. “आणि काल मावळत होतं, ते उलटं धावणार. म्हणजे कळप जसा खाली येईल तसं उजाडत जाईल.”

हे त्यांनी डोक्यातच पाहून घेतलं होतं. तोंड धुताना, पाठमोरे असताना. कागद तिला दाखवण्यापुरते होते.

ती हळूच म्हणाली, “पण उजेड दुप्पट झाला असेल, बेके. सगळं जळून पांढरं पडेल.”

काल सूर्यास्ताला त्यांनी उजेड किती घेतला होता ते त्यांनी सांगितलं. रंग उडू नयेत म्हणून अर्धाच. आज मेंढ्यांना किती, तेही. मग डब्याच्या चिठ्ठीवर मॉस्कोसाठी लिहू लागले: आधी तीन मीटर वेगळे कापून धुवावेत, पाहावेत, मग बाकीचे, कमी वेळ. खाली सही केली. सहीच्या वर लिहिलं, ‘हेतुपुरस्सर दुहेरी चित्रण’.

अनारकान म्हणाली, की हे खरं नाही, मी मेलिसला सांगते.

“बस खाली. तुझं नाव लिहिलं तर ही चूक होते, आणि चुकलेली फिल्म तिथे रोजच्या ढिगात टाकून धुतात. माझ्या नावाने प्रयोग होतो. प्रयोगाला दोन माणसं घड्याळ घेऊन उभी राहतात. मला ती दोन माणसं हवीत.”

“आणि बिघडली तर?”

“तर म्हणतील, म्हाताऱ्याला जाता जाता मस्ती आली.” त्यांनी ठिकरी उचलून तिच्या हातात दिली. “ही माझ्याजवळ नको. माझी पिशवी आधीच जड आहे.”

मेलिसच्या तंबूत ते एकटेच गेले. अनारकान बाहेर दोऱ्या ताणण्याचं निमित्त करून उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. बेकेंनी दोन वाक्यांत सांगितलं, की काल आणि आज मी एकाच फिल्मवर घेतलंय. मग मेलिसचा आवाज, पोरासारखा बारीक झालेला.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?”

“नाही.”

“म्हणून.”

मेलिस त्यानंतर आठ दिवस बेकेंशी कामापुरतंच बोलला. उरलेलं कोरं रीळ त्यांनी खाली गावात मेंढपाळांच्या चेहऱ्यांवर वापरलं. पिशवीत एकच डबा नेऊन अनारकानने ते चढवलं आणि पट्टी बाहीला चिकटवली. दिवसभरात चार वेळा तिला हात लावून पाहिला.

फ्रुंझेला परतल्यावर तीन आठवडे तार आली नाही. अनारकानचं दूध खरंच कमी झालं. आपा तिला मटणाचा रस्सा पाजायच्या आणि तो विषय काढायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, की गप्प बसली असतीस तर आज झोप तरी आली असती. बेके रोज स्टुडिओत येत, पायऱ्यांवर बसून पोरांना घोड्याच्या शेपट्या सांगत. पण अनारकान पाहत होती. ते आता उत्तर द्यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेत होते, आणि मधेच दोन बोटं आडवी धरून समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

तार आली ती एका ओळीची: डबा पाठवला आहे. चांगलं नाही, वाईट नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस भर दुपारी स्टुडिओच्या लहान प्रेक्षागृहात सगळे जमले. घरच्यांना मागे बसायला परवानगी असे. आपा जिपारला घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या. मेलिस पुढे, एकटा. बेके नेहमीच्या जागी, उजवा कान पडद्याकडे करून. अनारकान त्यांच्या मागे. ठिकरी तिच्या मुठीत होती.

दिवे गेले. पहिल्यांदा तिने काहीच पाहिलं नाही असं म्हणायला हवं. तिची नजर सवयीने कोपऱ्यांत गेली, केस अडकलाय का, ओरखडा आहे का. मग क्षितिजावर, जोड दिसतोय का. जोड नव्हता. रंग उडाले नव्हते. फोकस शेवटपर्यंत टिकला होता. एवढं तपासून होईस्तोवर चार मिनिटं संपली आणि दिवे लागले.

मेलिस वळला. त्याचा चेहरा ओला होता आणि तो त्याने पुसलाही नाही.

“बेके, हे तुम्हाला सुचलं कधी?”

बेके बोलण्याआधी अनारकान उभी राहिली. तिने सांगितलं, की कुणाला सुचलं नव्हतं. मी वापरलेलं रीळ चुकून दुसऱ्यांदा चढवलं. बेकेंनी ते वाचवलं. मुठीतली ठिकरी तिच्या तळव्यात रुतत होती.

मेलिसने तिच्याकडे पाहिलं, मग बेकेंकडे. बेके गुडघ्यावरची टोपी फिरवत होते. “खरं आहे,” ते म्हणाले. “आता धुऊन झालंय, सांगायला हरकत नाही.”

मेलिसने मान वर करून यंत्राच्या खोलीला हाक दिली. “परत लाव.”

या वेळी तिने पाहिलं.

वरती राखाडी आकाश आणि आक-बेलची खिंड. खिंडीतून पहिली मेंढी आली आणि तिने पाऊल टाकलं ते ढगावर. खाली जमीन नव्हती. तिथे आकाश होतं, अजून अंधारलेलं, जांभळं. आणि त्यावरून मेंढ्या चालत येत होत्या, एकामागून एक, मग दहा, मग शेकड्यांनी, पांढऱ्या, आतून दिवा लावल्यासारख्या. त्यांच्या खुरांखालून ढग सरकत होते. जसजसा कळप जवळ आला तसतसं खालून उजाडत गेलं. जांभळ्याचं लाल, लालाचं सोनेरी. चार हजार मेंढ्या पहाट सोबत घेऊन खाली येत होत्या. मधोमध मेंढपाळाची पांढरी नमद्याची टोपी आणि तिच्याखाली त्याचा चेहरा, माणसापेक्षा उंचावरून, संथ डुलत चालला होता.

मागच्या रांगेतून आपांचा आवाज आला. आपा कुठेही कुजबुजत नसत.

“मी चाळीस उन्हाळे काढले त्या खिंडीखाली. हा माणूस बसलाय कशावर?”

त्या सकाळी मेंढपाळ काळ्या घोड्यावर होता. काळ्या घोड्यावरही कालचं आकाश पडलं होतं. घोडा त्यात विरून गेला होता, आणि माणूस तेवढा उजेडावर बसून उतरत होता.

बेके पुढे झुकले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात नसलेलं काहीतरी पडद्यावर होतं. त्यांनी टोपी काढली.

“वहिनी,” ते पडद्यावरची नजर न काढता आपांना म्हणाले, “घोड्याचा विचार माझ्याही मनात आला नव्हता.”

जिपार जागी झाली, काहीतरी पुटपुटली, पण रडली नाही. शेवटची मेंढी कॅमेऱ्याशेजारून निघून गेली आणि नुसतं पेटलेलं आकाश उरलं. दिवे लागल्यावर मेलिसने अनारकानला कामाचं विचारलं, डाव्या कोपऱ्यात काही दिसलं का. या वेळी तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.